अडीच फुटांच्या रुळावर सात फुटांचा डबा

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सारे आजोळी जमतो. आमचे आजोळ धाराशिव जिल्ह्यात, ढोकीजवळ. मुंबईहून रात्रीची लातूर एक्स्प्रेस धरली की पहाटे धाराशिवला उतरायचे, आणि तिथून मामूंच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून गावी. नानी उंबऱ्यात वाट पाहत असतात. चहा-खारी होईपर्यंत मुले घरात नसतातच. ती मागच्या खळ्यात पोचलेली असतात.

यंदा त्या खळ्यात पोरांनी रिमोटच्या गाड्यांसाठी रस्ता केला होता. ज्वारीची रास कधीच उचललेली, खळे मोकळे. ठिबकच्या जुन्या काळ्या नळ्या दोन्ही बाजूंना अंथरून त्यांनी दोन फूट रुंदीची वाट आखली होती. निंबाच्या बुंध्याला वळसा घालून ती परत हौदाकडे येई. मध्ये मातीचे दोन उंचवटे, त्यांच्यात हातभर अंतर. गाडी एकावरून उडाली की बरोबर दुसऱ्याच्या उतारावर टेकायची. गाड्या खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्शाच्या मापाच्या, वीतभर लांब. त्यांना हा रस्ता नेमका बसला होता. आम्हीही दोन फेऱ्या मारून पाहिल्या आणि दोन्ही वेळा निंबावर आपटलो.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून मोठ्या आपांचा मुलगा आला. तो इंजिनिअरिंगला आहे. त्याने आणलेली गाडी आठव्या हिश्शाची. ऐकायला फरक लहान वाटतो, पण ही गाडी अर्धा मीटर लांब आणि हातात घेतली तर तीन किलोंहून जड. लांबी दुपटीने वाढली की रुंदी आणि उंचीही वाढते, त्यामुळे वजन दुप्पट नव्हे, कितीतरी पट होते. धाकट्यांनी कौतुकाने वाट मोकळी करून दिली.

पहिल्या सरळ पट्ट्यातच तिने माती उकरली. पुढचा उंचवटा तिला उंचवटा वाटलाच नाही. दोन्ही एका उडीत ओलांडून ती पलीकडे सपाटीवर दणकन आदळली. निंबाच्या वळणावर तिला वळताच येईना. नळी तोडून ती सरळ गेली आणि कडेला उभ्या असलेल्या एका छोट्या गाडीचे पुढचे चाक मोडून थांबली. ती गाडी आमच्या सात वर्षांच्या भाच्याची. त्याने ईदी जमवून घेतलेली. पुढचा अर्धा तास काय झाले ते प्रत्येक घरात ठाऊक आहे. जेवणाच्या दस्तरखानावर दोघांची पाठ एकमेकांकडे होती. मामूंनी फर्मान काढले, ‘मोठी गाडी खळ्यात चालणार नाही.’ भाचा खूश, पुणेकर गप्प.

नानी मात्र हसल्या. म्हणाल्या, ‘का नाही चालणार? मी नवरी होऊन आले ती कशातून आले? रूळ एवढुसा आणि डबा केवढा! चालवणाऱ्याला चालवता आला पाहिजे.’

नानींचे माहेर बार्शीचे. साठच्या दशकात लग्न होऊन त्या बार्शीहून ढोकीला छोट्या गाडीने आल्या होत्या. ती गाडी आता नाही. पण तिचा रस्ता बघायचाच, असे सगळ्यांनी ठरवले, आणि सकाळी दोन जीपा भरून आम्ही येडशीला निघालो. मोडक्या चाकाची गाडी भाच्याच्या मांडीवर होती.

येडशी लागली की जमीन बदलते. सपाट काळे रान संपून बालाघाटाचे डोंगर सुरू होतात, आणि बार्शीकडे उतरताना रामलिंगचा घाट लागतो. झाडी, खोल ओढा, माकडे, नशीब असेल तर मोर. याच घाटातून छोटी गाडी धापा टाकत वर येत असे. नानी सांगत होत्या, चढावर गाडी इतकी हळू व्हायची की तरणी पोरे खाली उतरून बरोबर चालत आणि पुन्हा चढत. त्यांच्या अब्बांनी एकदा असे केले आणि चप्पल खालीच राहिली, ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली आहे. यावेळी मात्र ती घाटात उभे राहून ऐकली.

बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली. पुढे ती पूर्वेकडे ताडवळ्यापर्यंत आणि 1911 मध्ये लातूरपर्यंत गेली. दुसरे टोक पंढरपूरवरून 1927 मध्ये मिरजेला पोचले. बार्शी इंग्रजांच्या मुलुखात, येडशी-ढोकी निजामाच्या. छोटी गाडी दोन राज्यांत ये-जा करी. रुळांमधले अंतर फक्त अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. आजच्या ब्रॉडगेजचे अंतर 1676 मिलिमीटर आहे, दुपटीहून जास्त.

ही रेल्वे आखणारा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्याने केलेली गोष्ट पुणेकराने घाटात मोबाइलवर वाचली आणि त्याचा चेहरा उजळला. तोपर्यंतची समजूत अशी, की रूळ लहान तर डबाही खेळण्यासारखा हवा. कॅलथ्रॉपचे म्हणणे निराळे होते. रुळाला डब्याची रुंदी कळत नाही. त्याला कळते ते प्रत्येक आसावरचे वजन. म्हणून त्याने एकच माप धरले, एका आसावर पाच टन. त्यापुढे नाही, मग ते इंजिन असो की मालडबा. तेवढे वजन पेलणारा हलका रूळ घेतला आणि त्यावर बसेल तितका मोठा डबा बांधला. मालडबे 25 फूट लांब आणि 7 फूट रुंद झाले. अडीच फुटांच्या रुळावर सात फुटांचा डबा! आजचा ब्रॉडगेजचा प्रवासी डबा रुळाच्या सुमारे दुप्पट रुंद असतो. बार्शीचा मालडबा जवळजवळ तिप्पट होता. इंजिन जड लागणार, तर त्याचे वजन सहा आसांवर, बारा चाकांवर वाटून दिले. ही इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्यात बनली आणि तिथेच जवळ न्यूले येथे रूळ टाकून त्याने जाणकारांना या गाड्या चालवून दाखवल्या.

गडी मोठा हौशी दिसतो. त्याला अरबी घोड्यांचे वेड होते, त्याने ते पाळले, घोड्यांवर पुस्तक लिहिले. उतारवयात विमानातून उडी मारण्याची छत्रीही तयार केली. त्याची याहून गमतीची करामत इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरमध्ये होती. तिथे 1904 मध्ये त्याच अडीच फुटी रुळावर लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे सुरू झाली. मोठ्या रुळावरचे डबे तिथे आले की माल उतरवून पुन्हा भरायचे कष्ट नकोत, म्हणून ते अख्खे डबे छोट्या गाडीच्या सपाट पाठीवर चढवून पुढे नेत. मोठी गाडी लहान गाडीच्या खांद्यावर. ती रेल्वे 1934 मध्ये बंद पडली. आपली त्यानंतरही पाऊणशे वर्षे जवळपास चालली.

पण रामलिंगहून परतताना आमच्या मनात दुसरेच होते. छोट्या रुळावर मोठा डबा चालवण्यालाही सीमा असते. ब्रॉडगेजच्या गाडीचा आसावरचा भार वीस टनांपुढे जातो, आणि लांब डब्यांना मोठी वळणे लागतात. तिथे जुन्या पट्टीवर नुसते रूळ रुंद करून भागत नाही. पूल, भराव, वळण सगळे नव्याने मांडावे लागते. लातूर-धाराशिव भाग 2007 मध्ये आणि धाराशिव-कुर्डुवाडी भाग 2008 मध्ये ब्रॉडगेज झाला, तेव्हा मार्ग वळवून धाराशिव शहरावरून नेला. जिल्ह्याचे गाव असून इतकी वर्षे धाराशिवच्या माणसाला गाडीसाठी येडशी गाठावी लागे. त्याच्या दारी रेल्वे आली. आम्ही पहाटे उतरतो ते त्यामुळेच. रामलिंगच्या घाटातली गाडी मात्र गेली. नानींना विचारले, कोणती बरी? त्या म्हणाल्या, ‘दवाखान्यात जायला ही बरी.’ पुढे काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी अस्रनंतर पुणेकराने गाडी उघडली. मोटरवरचे छोटे दातेरी चाक काढून कमी दात्यांचे बसवले, म्हणजे वेग कमी आणि खेच जास्त. रिमोटमध्ये वेगाची मर्यादा निम्म्यावर आणली. ‘आधी रस्त्याचे ऐकायचे,’ असे तो स्वतःशीच म्हणाला. पहिली फेरी हळूहळू झाली, माती उकरली गेली नाही. उंचवटे तिने न उडता, उंटासारखे चढून उतरून पार केले. निंबाचे वळण मात्र जमेना. तीनदा मागे-पुढे करून गाडी निघे. त्याला वळण म्हणत नाहीत, असा निकाल भाच्याने दिला.

मग दोघांनीच नळ्या उचलल्या. बाहेरून, चार फूट रुंदीची नवी वाट काढली. निंबाला टाळून ती विहिरीकडे गेली, कोंबड्यांच्या खुराड्यावरून फिरली आणि हौदाशी जुन्या वाटेला येऊन मिळाली. नानींनी खुराड्याला हरकत घेतली, तेव्हा वाट आणखी हातभर सरकली. आतली वाट कुणी मोडली नाही. मोडके चाक पुणेकराने आपल्या पेटीतला स्क्रू घालून बसवले. ते थोडे तिरके फिरते.

आम्ही निघालो त्या संध्याकाळी खळ्यात दोन्ही गाड्या सुरू होत्या. मोठी विहिरीकडून घोंगावत येई, आणि निंबापाशी भाचा तिरक्या चाकाची गाडी वळवत बसलेला. जीप सुरू झाली तरी त्याने मान वर केली नाही. धाराशिवला गाडीला अजून तीन तास होते, तरी मामू हॉर्न वाजवतच राहिले.