आग्रह आणि ऊब

आमच्या समाजांत प्रेमाचें माप पानांत पडलेल्या पदार्थांवरून घेण्याची चाल फार जुनी आहे. पाहुण्यानें "पुरे" म्हणून हात आडवा केला कीं वाढणाऱ्याच्या अंगांत दुप्पट जोर येतो; पंक्तींत जिलबीचा आग्रह झाला नाहीं तर यजमानाच्या मनांत कांहीं काळेंबेरें आहे, असा व्याही मंडळींचा ग्रह होतो; आणि मूल जेवलें नाहीं म्हणजे सारें घर चिऊकाऊचे घांस हातीं घेऊन त्याच्या पाठीमागें धांवूं लागतें. आजाऱ्याच्या खोलींतही हाच कायदा चालतो. या आग्रहाविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. त्यावरच आम्ही लहानाचे मोठे झालों. परंतु त्यासही एक मर्यादा आहे, आणि ती किती जवळ आहे हें अवघ्या अडीच-तीन तोळे वजनाच्या एका कोंबडीच्या पिलापाशीं बसलें असतां स्पष्ट दिसतें.

तें पिलूं शेजारच्या आजींचें. कोंकणांतील आषाढ, बाहेर पावसाची झोड, आणि आजींची खुडूक कोंबडी पडवींतल्या टोपलींत नऊ अंड्यांवर बसलेली. एकविसाव्या दिवशीं आठ पिलें बाहेर पडलीं. नववें मागें राहिलें. कोंबडीचा स्वभाव असा कीं, बहुतेक पिलें पायांवर उभीं राहिलीं म्हणजे ती त्यांस घेऊन टोपलींतून उतरते. उशिरा फुटणाऱ्या अंड्यासाठीं थांबणें तिच्या शास्त्रांत बसत नाहीं. एकासाठीं आठांना उपाशी ठेवणें तिला परवडणारेंही नसतें. नववें पिलूं अंड्यांतून निघालें तेव्हां खालचें गवत गार पडलें होतें. आजी तें पदरांत घेऊन आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, कण्या टाकल्या, पाणी ठेवलं, पण हें चोंच म्हणून उघडत नाहीं. तुमच्या टेबलावरचा तो वांकडा दिवा जरा याच्यावर धरा." आमचा तो दिवा जुन्या धर्तीचा, प्रकाशापेक्षां उष्णताच अधिक देणारा.

आजींनीं मागितला दिवा, पण घरांतील मंडळी धांवली ती स्वयंपाकघराकडे. कोणी साखरेचें पाणी केलें, कोणी दूध आणलें, कोणी सर्वांत लहान चमचा शोधूं लागलें. आजींनीं सर्वांस हातानेंच थांबविलें. "आधीं ऊब, मग दाणा," एवढेंच त्या म्हणाल्या, आणि पाऊस वाढूं लागला म्हणून निघून गेल्या.

या चार शब्दांत मोठें शास्त्र भरलेलें आहे. अंड्यांतून निघण्यापूर्वीं उरलेला पिवळा बलक पिलाच्या पोटांत ओढला जातो. प्रवासास निघणाऱ्या लेकराला आईनें बांधून द्यावी तशी ही शिदोरी असते, आणि तिच्यावर निरोगी पिलूं दोन-तीन दिवस दाण्यापाण्यावांचून राहूं शकतें. अमेरिकेच्या टपालखात्यानें १९१८ सालीं एक दिवसाचीं पिलें टपालानें पाठविण्याची सोय केली, ती याच शिदोरीच्या भरंवशावर. तेव्हां पहिल्या दिवशीं पिलूं खात नाहीं, एवढ्यावरून तें उपासमारीनें खंगत आहे असें समजण्याचें कारण नाहीं. त्याला खरी उणीव असते ती उबेची. अंगावरची मऊ लव दिसावयास गोजिरवाणी, पण थंडी अडविण्यास अपुरी. अंगची ऊब टिकवून धरण्याची शक्ति यावयास त्याला कांहीं दिवस लागतात. पहिल्या आठवड्यांत त्याच्याभोंवतीं सुमारें ३५ अंश सेल्सिअस उष्णता असावी लागते, आणि पुढें ती दर आठवड्यास दोन-तीन अंशांनीं उतरवीत न्यावी लागते. गार पडलेल्या पिलाला बळेंच भरविलेलें अन्न पचत नाहीं. त्याहून मोठें भय पाण्याचें. पक्ष्याच्या श्वासनलिकेचें तोंड जिभेच्या मुळाशींच असतें. चोंच फांकवून आंत थेंब सोडला तर तो फुप्फुसांत उतरण्याचा संभव असतो, आणि प्रेमानें पाजलेल्या पाण्यानेंच पिलूं गुदमरतें.

म्हणून आम्हीं चमचा बाजूस ठेवला आणि एक खोकें घेतलें. त्याच्या एका टोंकाला दिवा लावला व दुसरें टोंक थंड ठेवलें. तळाशीं वर्तमानपत्र अंथरण्याचा मुलांचा बेत होता. परंतु गुळगुळीत कागदावर पिलाचे पाय दोहों बाजूंस फांकतात व पुढें अधू होतात, म्हणून गोणपाटाचा तुकडा घातला. वर्तमानपत्रावर उभे राहून पाय घसरणारे जगांत पुष्कळ आहेत. त्यांत या जिवाची भर नको होती. दिवा किती उंच धरावा हें सांगण्यास पिलाखेरीज दुसऱ्या मापकाची गरज पडली नाहीं. गारवा लागला कीं त्याची तीक्ष्ण, तुटक ओरड सुरू होई. उष्णता अधिक झाली कीं तें चोंच उघडी टाकून धापा टाकी. आणि मनाजोगी ऊब मिळाली म्हणजे एक बारीक, लांबट, समाधानाचा स्वर काढी.

रात्रीं दोन वाजतां वीज गेली. आषाढांत कोंकणांतली वीज जातेच. गरम पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून पिलाशेजारीं ठेवली, आणि ती निवाली कीं पुन्हां भरली. धाकट्या मुलीनें अंधारांत विचारलें, "बाबा, तें मरेल का?" "मरेल, किंवा जगेलही," असें आम्हीं सांगितलें, दुसरें खरें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. ती उठली आणि आईबरोबर पाणी तापवावयास गेली.

सकाळीं पिलूं उभें राहिलें, आणि त्यानें पहिली टोंच मारली ती स्वतःच्या पायाच्या नखावर. ही विद्या त्याला कोणी शिकविलेली नसते. डग्लस स्पाल्डिंग या ब्रिटिश निरीक्षकानें नुकत्याच निघालेल्या पिलांच्या डोळ्यांवर टोप्या चढवून त्या पुढें काढल्या, तेव्हां थोड्याच मिनिटांत तीं पिलें बारीक किड्यांवर अचूक टोंच मारूं लागलीं. ही हकीकत १८७३ सालीं 'मॅकमिलन्स मॅगझिन' या मासिकांत प्रसिद्ध झाली. ब्रिस्टलच्या लॉइड मॉर्गन यांनीं १८९६ च्या आपल्या ग्रंथांत आणखी एक मौज नोंदली आहे. पाणी नुसतें पाहून तें पिण्याचें आहे हें पिलाला कळत नाहीं. चोंच एकदां ओली झाली म्हणजे मात्र तें लगेच मान वर करून पितें. पुढील संशोधकांनीं असेंही दाखविलें आहे कीं, पहिल्या दोन दिवसांतील टोंचण्याचा भुकेशीं फारसा संबंध नसतो. तो तेव्हां खेळ असतो. खेळतां खेळतां दाणा कोणता व खडा कोणता हें उमगतें, आणि मग भूक त्या खेळाचा ताबा घेते.

हें समजलें म्हणजे मदतीचें स्वरूप फार साधें होतें. आम्हीं त्याच्या चोंचीचें केवळ टोंक क्षणभर पाण्यास लावलें. त्यानें मान वर केली आणि घोट घेतला. उकडलेल्या बलकाचा चुरा गोणपाटावर पसरला. कोंबडी दाण्यावर चोंच मारून पिलांस बोलावते, त्याप्रमाणें आम्ही पेन्सिलीच्या टोंकानें चुऱ्यावर टकटक करूं लागलों. बराच वेळ पिलूं पेन्सिलीकडे पाहत राहिलें. मग त्यानें एक कण उचलला, टाकला, पुन्हां उचलला आणि गिळला. घरांतील कोणीही टाळी वाजविली नाहीं. तें दचकेल, अशी सर्वांस धास्ती होती.

तिसऱ्या रात्रीं आजींनीं तें अंधारांत हळूच कोंबडीच्या पंखाखालीं सरकविलें. दिवसाउजेडीं कोंबडी परक्या पिलास टोंचून काढण्याचा संभव असतो. रात्रीं पोटाखालीं जें ऊबदार लागेल तें ती आपलें मानते. सकाळीं तिच्यामागून नऊ पिलें पडवींत उतरलीं.

पुढें श्रावणांत आजींनीं असेंच आणखी एक पिलूं आणलें. तेंच खोकें, तोच दिवा, तीच पेन्सिल. त्यानें चोंच उघडली नाहीं, आणि दुसऱ्या रात्रीं तें गेलें. पहिलें जगलें यांत आमचा पराक्रम किती होता, याचा हिशेब त्या रात्रीं चुकता झाला.

वडिलांच्या अंथरुणाशीं पेज घेऊन बसलेला मुलगा आणि रुसलेल्या लेंकराच्या मागें वाटी घेऊन फिरणारी आई, या दोघांचें प्रेम खरें असतें, आणि त्यांच्या मनांतील भयही खरें असतें. परंतु घांस भरविल्यानें भरविणाऱ्याच्या मनाला जितका दिलासा मिळतो, तितका खाणाऱ्याच्या देहाला मिळतोच असें नाहीं. दुसऱ्याचें अंथरूण आपल्याला ऊबदार करतां येतें, त्याच्यासाठीं अंधारांत जागतां येतें, दाण्यावर टकटक करून दाणा कोठें आहे हें त्याला दाखवितां येतें. चोंच मात्र ज्याची त्यालाच उघडावी लागते.