माणशी अर्धा एकर

चि. भाचेबुवा,


सरपंच झालास, फार आनंद वाटला. नालाखोलीकरणाचे फोटोही पाहिले. जेसीबी जोरात चाललाय, गाळाचे ढीग लागलेत आणि काठावर तू गळ्यात हार घालून उभा! तो हार काढ आता. (हे ताईला वाचून दाखवू नकोस.)

पुढची कोणती योजना आणू, असं विचारतोस. माझं ऐकशील तर यंदा एकही आणू नकोस. आहे ते पाणी कुणी किती घ्यायचं, ते आधी ठरव. नाला खोदायला सगळा गाव येतो. वाटणीचा विषय निघाला की ग्रामसभेचा कोरम भरत नाही.

विलासराव साळुंखे यांचं नाव ऐकलं असशील. पुण्यात त्यांचा अचूक मोजमापाची उपकरणं बनवण्याचा कारखाना होता. १९७२च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात कामावर खडी फोडणारी माणसं त्यांनी पाहिली आणि पुढे नायगावात देवस्थानची ४० एकर माळजमीन ५० वर्षांच्या कराराने घेतली. उतारावर बांध घातले, खाली पाझर तलाव केला, विहीर खणली, पाणी उचलून वर नेलं. इथवरचं काम कुठलाही हुशार इंजिनिअर करील. पाणीवाटपासाठी उभारलेल्या पाणी पंचायतीचे नियम मात्र त्यांनाच सुचले. पाणी माणसागणिक द्यायचं, जमिनीगणिक नव्हे. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला फार तर अडीच एकराचं. म्हणजे वीस एकरवाला आणि तीन एकरवाला, दोघांच्याही घरात पाच तोंडं असतील तर वाटा सारखाच. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. खर्चातले २० टक्के सभासदांनी आधी भरायचे, ५० टक्के सरकारी अनुदान, बाकीचं बिनव्याजी कर्ज. पाळीप्रमाणे पाणी सोडायला पाटकरी नेमलेला. बागायतदाराने स्वतः व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. गावच्या पाटलाला हे पचवायला काय लागलं असेल, कल्पना कर!

साळुंखे २००२ साली गेले. त्यांच्या सगळ्याच योजना टिकल्या नाहीत आणि व्यवहारात आजही विहीर ज्याची त्याचंच पाणी. पण आपला काळा पाषाण सातबारा वाचत नाही. पाणी साठतं ते वरच्या मुरुमात आणि खडकाच्या भेगांत, तेही बेताचंच. एकाने खोल बोअर मारून मोटर सोडली की शेजाऱ्याच्या विहिरीचा तळ दिसायला लागतो.

दुसरं उदाहरण हिवरे बाजारचं. तिथे पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले. तिथली कुऱ्हाडबंदी, चराईबंदी सगळे भाषणात सांगतात. मला तिथला पाण्याचा ताळेबंद जास्त मोलाचा वाटतो. पावसाळा सरला की पडलेल्या पावसाचा हिशोब ग्रामसभेपुढे येतो. आधी माणसांचं आणि गुरांचं पिण्याचं बाजूला काढायचं, उरेल त्यावर पिकं ठरवायची. पाऊस कमी, तर पिकंही कमी पाण्याची. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही.

एका माणसाच्या वजनावर गाव किती दिवस चालणार, ही शंका मलाही आहे. तू तर पाच वर्षांचा पाहुणा. म्हणूनच हिशोब चावडीच्या भिंतीवर रंगवून घे. उद्या तू पदावर नसलास तरी लोकांना भांडायला आकडे मिळतील.

शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसव आणि रोजची नोंद पोरांकडे दे. दर महिन्याला गावातल्या ठरावीक विहिरींची पातळी दोरी सोडून मोजायला लाव. भूमिहीन घरांची यादी ग्रामसेवकाकडून आत्ताच काढून घे. ती नेहमी शेवटी निघते आणि मग निघतच नाही.

आणि मागच्या उन्हाळ्यात मळ्यात जो बोअर घेतलास, त्याचं काय करणार आहेस ते ग्रामसभेआधी कळव. तिथे पहिला प्रश्न तोच येणार.

ताईला नमस्कार.
तुझा,
मामा