ताटली गंजकी होती, पण चूक माझी होती

मंडळी, आज एक कबुली द्यायची आहे.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गावच्या एफएम केंद्रावरून दोन दिवस धड आवाज येत नव्हता. मध्येच तुकडे, मध्येच शांतता. सकाळी सात-पाचला पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागल्याशिवाय आमच्या अण्णांचा चहा घशाखाली उतरत नाही. त्यांनी रेडिओ दोनदा थापटला, सेल बदलले, मग माझ्याकडे बघितलं. "पत्रकार आहेस ना? विचार की कुणाला तरी."

मी विचारलं नाही. थेट बातमी ठोकली. 'गंजक्या डिशमुळे आकाशवाणी मुकी.' फोटोत ताटली गंजलेली छान दिसत होती. लाइकही भरपूर पडले.

दुसऱ्या दिवशी केंद्रावरच्या तंत्रज्ञांचा फोन आला. चिडले नव्हते. "साहेब, एकदा येऊन तर बघा," एवढंच म्हणाले.

गेलो. एक खोली, आत ट्रान्समीटर आणि रिसीव्हर, बाहेर ती मोठी ताटली. अशा १०० वॅटच्या केंद्रात स्टुडिओ नसतो. उपग्रहावरून आलेला कार्यक्रम घ्यायचा आणि एफएमवर सोडायचा, एवढंच काम. २८ एप्रिल २०२३ ला पंतप्रधानांनी देशभरात एकाच दिवशी ९१ ट्रान्समीटर सुरू केले, तेही १०० वॅटचेच. म्हणजे ताटलीला ऐकू आलं नाही, तर गावालाही ऐकू येत नाही.

"गंजाचं राहू द्या, समोर बघा," ते म्हणाले. समोरच्या इमारतीवर नवाकोरा फाइव्ह-जी टॉवर.

मग त्यांनी समजावलं. उपग्रह ३६ हजार किलोमीटर वर. तिथून येणारा सिग्नल म्हणजे कुजबुज. ताटलीच्या तोंडाशी जो डबा असतो, एलएनबी, तो ही कुजबुज पकडून मोठी करतो. आपल्याकडे फाइव्ह-जीला दिलेला एक पट्टा ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा. आपला कार्यक्रम येतो ३७०० च्या वर. पट्टे वेगळे, भांडण नाही. पण जुना एलएनबी ३४०० पासून ४२०० पर्यंत सगळंच आत घेतो. शेजारी टॉवर सुरू झाला की त्याला कानठळ्या बसतात, मग कुजबुज कुठली ऐकू येणार?

उपाय काय? नवा एलएनबी आणि त्याच्या आधी एक फिल्टर. हातात मावेल एवढा धातूचा तुकडा. तो बसवला होता आणि मी उभा होतो तेव्हा आवाज खणखणीत येत होता.

तरी माझ्यातला शहाणा गप्प बसेना. म्हटलं, "एवढा खटाटोप कशाला? डीडी फ्री डिशवर आकाशवाणी फुकट ऐकू येते. तीच छोटी डिश जोडा आणि ही काढून टाका."

ते हसले. "जोडलेली आहे, जादाची म्हणून. पण जोराचा पाऊस आला की तुमच्या घरची डिश काय करते?"

काय करते ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. छोटी डिश केयू-बँडवर चालते आणि मुसळधार पावसात तो सिग्नल विरतो. मोठ्या ताटलीच्या सी-बँडला पावसाचा फारसा फरक पडत नाही. इंटरनेटवरूनही कार्यक्रम घेता येतो, पण वीज गेली, केबल तुटली की तोही गेला.

परतताना हेच डोक्यात होतं. आमच्या नदीला पूर येतो तेव्हा आधी वीज जाते, मग टॉवरच्या बॅटऱ्या संपतात, मोबाइल मुका होतो. उरतो अण्णांचा दोन सेलचा रेडिओ. आणि त्या रेडिओचा कान म्हणजे मी जिची टर उडवली ती ताटली.

म्हणून रेडिओ केंद्रांची उपग्रह यंत्रणा बदलताना तीन गोष्टी मागायला हव्यात. एक, जवळ टॉवर उभा राहायच्या आधी फिल्टर बसला पाहिजे, आवाज गेल्यावर नाही. दोन, छोटी डिश जादाची म्हणून असावी, मोठीच्या जागी नको. रिसीव्हरही दोन हवेत आणि जनरेटरमध्ये डिझेल हवं. तीन, पुराच्या दिवशी आमच्या नदीची पातळी आमच्याच केंद्रावरून सांगायची सोय हवी. ताटली वरचं ऐकते, पण आमचं वर कोण सांगणार?

तिसरी मागणी त्या तंत्रज्ञांच्या हातातली नाही. ती लोकप्रतिनिधींकडे करायची आहे, आणि आपणच करायची आहे. तुमच्या भागात पावसात केंद्र नीट लागतं का, तेही लिहा.

आणि हो, माझ्या बातमीचा खुलासा छापून आला. आतल्या पानावर, चार ओळी. चूक पहिल्या पानावर होती, म्हणून इथे सविस्तर लिहिलं.