सिंहगडाकडे तोंड करून

आमच्या लहानपणी पुण्यात दिशा ओळखायला गच्चीवर जायचं. सगळ्या अँटेनांची तोंडं सिंहगडाकडे. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून ते पुण्यात दिसू लागलं. त्यामुळे पेठेतली अँटेना असो की डेक्कनवरची, नैर्ऋत्येला बघत उभी.

आमचे बाबा टेलिफोन खात्यात होते. पावसाळ्यात वारा सुटला की अँटेना हमखास फिरायची. मग ते गच्चीवर, आई टीव्हीपाशी आणि मी जिन्यात निरोप्या. आई ओरडायची, "मुंग्या कमी झाल्या, तिथेच थांबवा!" मी ते वर पोचवेपर्यंत बाबांचा हात जरासा पुढे गेलेला असायचा. अ‍ॅल्युमिनियमच्या त्या नळ्या, त्यातून निघून खिडकीतून आत येणारी चपटी वायर आणि नळीवर बसलेला कावळा, हे सगळं आजही डोळ्यांपुढे आहे.

पुढे शेजारी एक उंच इमारत उभी राहिली आणि पडद्यावर बातम्या देणाऱ्या बाईंच्या जरा उजवीकडे त्यांचीच फिकट सावली दिसू लागली. आम्ही त्याला भूत म्हणायचो. बाबांनी वहीत चित्र काढून दाखवलं: एक लहर सिंहगडावरून सरळ येते, दुसरी त्या इमारतीवर आपटून येते. तिला तीनशे मीटर जास्त चालावं लागलं, तर ती सेकंदाच्या दहालाखाव्या भागाइतकी उशिरा पोचते आणि तेवढ्यानेही पडद्यावर चित्र जवळजवळ सेंटिमीटरभर सरकतं. लहर दिसत नसली तरी ती कुठून येते, कशाला आपटते, हे कागदावर काढता येतं, याचा मला त्या दिवशी विलक्षण आनंद झाला. तो अजून ओसरलेला नाही.

मोबाईल आल्यावर ही शोधाशोध संपेल असं वाटलं होतं. पण कोकणात मावशीच्या घरी चिऱ्याच्या जाड भिंतींमुळे आत रेंज नसायची. फोन आला की जो तो अंगणात धावायचा. २०२०च्या टाळेबंदीत तर कोकणातली कितीतरी मुलं शाळेच्या तासांसाठी डोंगरावर जाऊन बसली. त्या मुलांच्या जिद्दीचं कौतुक पुष्कळ झालं. मला मात्र राग आला होता. रेंज शोधत मुलांनी डोंगर चढावा, ही कौतुकाची गोष्टच नव्हे.

घरातल्या वाय-फायची कथा मला सर्वांत प्रिय आहे, कारण तिचा धागा त्या भुताशी जुळतो. जॉन ओसलिव्हन हा ऑस्ट्रेलियन अभियंता सत्तरच्या दशकात रेडिओ खगोलशास्त्रात काम करत होता. स्टीफन हॉकिंग यांनी मांडलेल्या कल्पनेनुसार इवली कृष्णविवरं फुटत असतील, तर त्यांचा रेडिओ संकेत सापडतो का, हे तो शोधत होता. असा संकेत वाटेत विस्कटतो. तो पुन्हा नेटका करायचं गणित त्याने हाताळलं. कृष्णविवरं सापडली नाहीत. नव्वदच्या दशकात त्याच्यापुढे आणि त्याच्या सहकाऱ्यांपुढे घरातल्या बिनतारी जोडणीचा प्रश्न आला: भिंत, कपाट, छत यांवर आपटून एकच लहर अनेकदा, मागेपुढे येते आणि माहितीचा गोंधळ होतो. म्हणजे आमचं भूतच! त्यांनी माहिती एका घाईच्या लहरीवर न लादता अनेक संथ लहरींत वाटून दिली, म्हणजे उशिरा आलेला पडसाद पुढच्या अक्षरावर चढत नाही. १९९६मध्ये त्यांना अमेरिकेत त्याचं पेटंट मिळालं. आपल्याकडेही नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडे कान लावून असतात. त्या परिसरात मोबाईल बंद ठेवायला सांगतात. तिथे उभं राहिलं की गच्चीवरची अँटेना, घरातलं वाय-फाय आणि या तबकड्या ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी आहेत असं वाटतं.

मध्यंतरी भाची आमच्याकडे राहून काम करत होती. आतल्या खोलीत मीटिंग सतत तुटायची. "मावशी, मोबाईलला फुल्ल आहे गं, लॅपटॉपलाच काय झालंय?" प्रश्न तिने अगदी नेमका विचारला होता. मोबाईलवर एक साधं अ‍ॅप घेतलं. ते सिग्नल उणे आकड्यांत दाखवतं. हॉलमध्ये उणे ४५, आतल्या खोलीत उणे ६६. यात दर दहाला ताकद एक दशांश होते. उणे ६६ म्हणजे कामापुरता ठीक. त्याच टेबलावर लॅपटॉप मात्र उणे ८० दाखवत होता. जागा एक, भिंती त्याच, तरी लॅपटॉपच्या हाती मोबाईलच्या पंचविसाव्या भागाइतकाच सिग्नल.

बहुतेक लॅपटॉपची अँटेना पडद्याच्या कडेला दडलेली असते. तिथून दोन बारीक तारा बिजागरीतून खाली वाय-फायच्या कार्डापर्यंत येतात. भाचीने थोड्याच दिवसांपूर्वी एका दुकानातून बिजागरी दुरुस्त करून आणली होती. आम्ही लॅपटॉप बंद करून मागचं झाकण उघडलं, आधी बॅटरीची जोडणी काढली. कार्डावर पांढरी तार घट्ट होती, काळी सुटून बाजूला पडली होती. तिच्या टोकाला मोहरीच्या दाण्याएवढी सोनेरी टोपी. ती नेमकी जागेवर ठेवून नखाने दाबली, तेव्हा बारीकसा टक् आवाज आला. लॅपटॉप सुरू केला, उणे ६७. भाची हरखून गेली, आणि मीही.

उरलेलं काम राऊटरचं होतं. तो टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाला खेटून होता. धातू लहर परत फिरवतो, सळयांनी भरलेला खांबही तेच करतो. पाच गिगाहर्ट्‌झची लहर माहिती भराभर नेणारी पण भिंतीपाशी लवकर थकणारी; दोन पॉइंट चारची जरा लांब जाते, मात्र मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात चालतो आणि शेजाऱ्यांचे राऊटरही तिथेच दाटी करतात. आतल्या खोलीसाठी आम्ही दोन पॉइंट चार घेतलं आणि गर्दी बघून चॅनेल ६ऐवजी ११ निवडला.

तुमच्याही घरात अशी एखादी खोली असेल. नवा खोका विकत आणण्याआधी मोबाईल हातात धरून घरभर एक फेरी मारा आणि आकडे लिहून काढा. राऊटर टीव्हीमागून उचला, घराच्या मध्यावर, उंच आणि उघड्यावर ठेवा. आणि एकाच जागी मोबाईलला चांगली रेंज असून लॅपटॉपलाच नसेल, तर राऊटरला दोष देऊ नका. लॅपटॉप जाणत्या माणसाकडे न्या आणि त्या दोन तारा बघायला सांगा.