पॉझिटिव्ह म्हणजे नेमकं काय

नांदे-चांद्यात गोचीड माहीत नसलेला माणूस सापडणार नाही. गाईच्या कानामागे, कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात, पावसाळा सरताना बांधावरच्या गवतात. आजी ते वेचून रॉकेलच्या डबीत टाकायची. पण गोचीड हा जनावरांचा त्रास, माणसांचा नव्हे, अशी आमच्याकडे पक्की समजूत. म्हणून गेल्या दिवाळीच्या तोंडावर मला ताप भरला तेव्हा घरात सगळ्यांनी डेंगीचं नाव घेतलं.

पाचव्या दिवशी मनगटांवर, घोट्यांवर पुरळ आलं, मग तळहातांवर. डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "घरी जनावरं आहेत?" दोन गाई आणि एक कुत्रा. त्यांनी डॉक्सिसायक्लिन सुरू केलं आणि दोन दिवसांत ताप उतरला. आजाराचं नाव इंडियन टिक टायफस. रिकेट्सिया कोनोरी नावाचा जिवाणू गोचिडाच्या चाव्यातून रक्तात येतो आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींत शिरतो. नावात टायफस आहे, पण दूषित पाण्यातून होणाऱ्या टायफॉइडशी याचा काही संबंध नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती. आठ महिने झाले तरी दुपारी तीननंतर मला स्वतःचाच कोड वाचता येत नाही. सकाळी बोटांचे सांधे आखडलेले असतात. हिंजवडीहून स्कूटीवर घरी आले की जेवणाआधी झोपावं लागतं. म्हणून पुन्हा रक्त तपासलं. रिपोर्टमध्ये दोन ओळी: स्पॉटेड फीवर ग्रुप, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह. दुसरी ओळ ठळक अक्षरांत.

आई म्हणाली, "म्हणजे अजून अंगातच आहे."

नाही. पण का नाही, हे समजायला मला वेळ लागला, म्हणून सविस्तर लिहिते.

ही तपासणी जंतू शोधत नाही, जंतूला शरीराने दिलेलं उत्तर शोधते. आयजीएम ही साधारणपणे आधी येणारी आणि आधी ओसरणारी प्रतिपिंडं. आयजीजी मागून येतात आणि महिनोन्‌महिने, कधी कित्येक वर्षं राहतात. आमच्या भाषेत सांगायचं तर हा लॉग आहे. ऑक्टोबरमधली एरर लॉगमध्ये दिसते याचा अर्थ सर्व्हर आज बंद आहे असा होत नाही. म्हणूनच ताजं निदान पक्कं करायचं तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने घेतात आणि पातळी चौपट चढली का ते पाहतात, उदाहरणार्थ १:६४ वरून १:२५६. एकच आकडा फारसं बोलत नाही, फरक बोलतो.

तापात असताना माझी आणखी एक तपासणी झाली होती, वेल-फेलिक्स. १९१६ सालची ही पद्धत स्वस्त आहे, म्हणून लहान लॅबमध्ये अजून चालते. तिच्यात रिकेट्सिया नसतोच. प्रोटियस नावाच्या वेगळ्याच जिवाणूचे काही प्रकार आपल्या प्रतिपिंडांना योगायोगाने ओळखीचे वाटतात, त्यावर ती उभी आहे. त्यामुळे ती चुकतेही बरीच.

न्यू जर्सीतल्या मावसभावाने रिपोर्ट पाहिला आणि म्हणाला, "लाइमची टेस्ट कर." त्याच्या भागात लाइम भरपूर, त्यामुळे सल्ला साहजिक होता. पण हिशोब करून पाहा. समजा, हजार माणसांत पाच जणांना एखादा आजार आहे आणि तपासणी ९५ टक्के अचूक आहे, आजारी आणि निरोगी दोघांच्याही बाबतीत. पाचही आजारी सापडले असं धरू. उरलेल्या ९९५ निरोगी लोकांतले सुमारे ५० जणही पॉझिटिव्ह येतील. म्हणजे ५५ पॉझिटिव्हांपैकी खरे पाच, अकरांत एक. आजार जितका दुर्मीळ, तितकी पॉझिटिव्हची किंमत कमी. भारतात लाइमच्या नोंदी फार थोड्या आहेत. मी ती तपासणी केली नाही.

पुण्याला गोचिडांचे आजार नवे नाहीत. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, तेव्हा त्यामागचा विषाणू शोधला तो पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने. तोच माकडताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गला पोचला. तरी अंगावर गोचीड सापडला तर डॉक्टरांना सांगावं, हे आमच्या गावात कोणी सांगितलेलं नाही.

आता अवघड भाग. रिपोर्ट उघडताना मला तो पॉझिटिव्ह यायला हवा होता. आयजीएमसुद्धा. कारण मॅनेजर विचारतो, "आता तर बरी आहेस ना?" आईला पाहुण्यांना काय सांगायचं याची काळजी. थकव्याला रिपोर्ट नसतो, आणि ज्याला रिपोर्ट नाही तो आळस ठरतो. जंतू सापडला असता तर गोळ्याही मिळाल्या असत्या.

डॉक्टरांना मी सरळ विचारलं, अजून तीन महिने अँटिबायोटिक घेतलं तर? त्यांनी लाइमचंच उदाहरण दिलं. नेदरलँड्समध्ये २८० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. रेंगाळलेल्या त्रासासाठी सुरुवातीच्या दोन आठवड्यांच्या उपचारानंतर आणखी बारा आठवडे औषध देऊनही, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा फरक पडला नाही. आजार वेगळा, पण प्रश्न माझाच. मग ते म्हणाले, "संसर्ग संपलाय. त्रास संपलेला नाही. दोन्ही खरं आहे."

हे वाक्य घरी आईला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग दुपारी झोपत जा की. कोण काय म्हणतंय बघू."

थायरॉइड, हिमोग्लोबिन, ब-१२ तपासून झालं, ठीक आहे. सांध्यांसाठी पुढच्या महिन्यात वेगळ्या डॉक्टरांकडे जायचंय. मॅनेजरला मी लिहून कळवलं आहे की अवघड काम सकाळी करेन आणि तीननंतर मीटिंग नको. गोठ्यातून आल्यावर घरातले सगळे आता कानामागे, काखेत, गुडघ्यामागे पाहतात. गोचीड सापडला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा, चिरडायचा नाही. आणि पुढच्या पंधरवड्यात ताप आला तर डेंगी म्हणण्याआधी डॉक्टरांना गोचिडाबद्दल सांगायचं.