दयेचा जमाखर्च

दीपावलीची अमावास्या ही भगवान महावीरांच्या निर्वाणाची तिथी. दुसऱ्या दिवशी नवे वीर निर्वाण संवत् सुरू होते आणि व्यापारी पेठेत पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत बऱ्याच पेढ्यांची दारे मिटलेली असतात. वर्षभर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहणाऱ्या घराला आपल्या मुलांकडे पाहण्यास मिळतात ते एवढेच चार दिवस. सांगलीच्या एका गूळ-हळदीच्या पेढीचे वृद्ध मालक गेल्या दिवाळीत शाळेच्या सुट्टीसाठी पुण्याहून आलेल्या नातवंडांना घेऊन निघाले, ते याच चार दिवसांपैकी एका सकाळी. लांबच्या प्रवासाची तिकिटे मिळाली नव्हती, म्हणून नातवाचा चेहरा थोडा उतरलेला होता. आजीने मेथीचे ठेपले, दशम्या आणि खास लसूण न घालता केलेले भडंग डब्यांत भरले होते. नवकारशी होताच मोटार सागरेश्वरच्या वाटेला लागली.

सागरेश्वरचे अभयारण्य देवराष्ट्रे गावाजवळ आहे. यशवंतराव चव्हाणांचे हे जन्मगाव. एकेकाळी हे डोंगर उघडेबोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, झाडे लावली गेली, प्राणी आणून सोडले गेले आणि 1985 मध्ये अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र जेमतेम अकरा चौरस किलोमीटर. पण माणसाने मनावर घेतले तर माळाचेही रान होते, याची साक्ष देण्यास तेवढे पुरे आहे.

उन्हे चढू लागली होती, तरी पाणवठ्यापाशी चितळांचा एक कळप उभा होता. पलीकडे मोकळ्या गवतात एक काळवीट मान उंचावून पाहत होता. चितळ आणि सांबर आपली शिंगे गाळतात, ती पुन्हा उगवतात. काळविटाची पिळदार शिंगे मात्र जन्मभर राहतात, हे आजोबांनी सांगितले. धाकटी नात हळूच म्हणाली, “आजोबा, शांतिनाथ भगवंतांच्या मूर्तीखाली असतं, तेच ना हे हरीण?” आजोबांना मनापासून समाधान वाटले. मग त्यांनी नेमिनाथांची कथा सांगितली. लग्नाच्या मेजवानीसाठी कोंडलेल्या मुक्या प्राण्यांचा आक्रोश ऐकून त्यांनी वरातीचा रथ मागे फिरवला होता. टेकडीवरून कृष्णाकाठचा हिरवागार ऊस दिसत होता. नातवाचा रुसवा केव्हाच मावळला होता.

परतताना मळ्यातल्या एका गुऱ्हाळावर ते थांबले. शेतकरी पेढीच्या जुन्या ओळखीचा होता. चिपाडाच्या जाळावर काहील रटरटत होती. रसात भेंडीच्या झाडाचे चेचलेले खोड फिरवले की मळी वर येते आणि गुळव्या ती काढून टाकतो, हे मुले डोळे विस्फारून पाहत होती. द्रोणातून काकवी आली, मग गरम गूळ आणि भाजलेले शेंगदाणे. आयुष्यभर गुळाचा रंग पाहून भाव ठरवणाऱ्या आजोबांनीही कित्येक वर्षांनी असा जिभेवर चटका देणारा गूळ चाखला.

“आम्ही आज खूप हरणं पाहिली!” नातीने आनंदाने सांगितले.

शेतकरी हसला. “आमच्याकडं बी येत्यात की, रातीला. औंदा हरभरा वर आला नाही तोवर कोवळा कोंभ खाऊन गेली. दोनदा पेरला.”

“मग तुम्ही काय केलंत?” नातवाने विचारले.

“काय करणार बाळा? डबा वाजवतो, हाकलतो. मुकं जनावर हाय, मारायचं का त्याला?”

हे तो सहज बोलला आणि काहिलीकडे वळला. आजोबा मात्र गप्प झाले. दर पर्युषणात जीवदयेची रक्कम पांजरपोळाला पाठवणे हा घराण्याचा नियम. ती रक्कम नफ्यातून जात असे. तिच्यामुळे घरातला एक घासही कधी कमी झाला नव्हता. या माणसाने वहीत कुठेही न मांडता दोन पेरण्यांचे बियाणे हरणांना दिले होते. सकाळी सांगितलेल्या कथेतही दयेची किंमत नेमिनाथांनी स्वतःच मोजली होती. ती कथा आपण किती हलक्या मनाने सांगितली, हे त्यांना आता जाणवले.

निघताना गुळाचे पैसे देताना त्यांनी काही नोटा वर ठेवल्या. शेतकऱ्याने त्या परत केल्या. “शेठ, गुळाचा भाव हाय तेवढाच द्या. द्यायचंच असंल, तर रानाकडंच्या शेतांना आम्ही चौघं मिळून कुंपण करतोय, त्याला द्या. जनावर बी वाचंल आणि पीक बी.”

सूर्यास्ताला अर्धा तास असताना बांधावरच सतरंजी अंथरून सर्वांनी डबे उघडले. एरवी अंधारापूर्वी जेवण्याच्या नियमाने कंटाळणारा नातू त्या दिवशी काही बोलला नाही. जेवण आटोपल्यावर सांडलेले भडंग वेचताना मुंग्यांच्या रांगेवर पाय पडू नये म्हणून तो वळसा घालून गेला, हे आजीने पाहिले.

लाभपंचमीला पेढी उघडली. नव्या वहीत जीवदयेच्या खात्यावर पांजरपोळाखाली आजोबांनी आणखी एक ओळ नातवाकडून लिहून घेतली: ‘रानाकडेच्या शेतांचे कुंपण’. रक्कम किती लिहायची, असे नातवाने विचारले. आजोबा थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, “या वर्षी आपण सगळे जिथे जाणार होतो, त्या प्रवासाचा खर्च किती येणार होता, तो आधी तुझ्या बाबांना विचारून ये.”