अभिरूप आणि खरे

मतदानाच्या दिवशी यंत्रावर पडणारी पहिली मते मतदारांची नसतात. दीड तास आधी केंद्राध्यक्ष प्रतिनिधींसमोर किमान ५० मते नोंदवून घेतात. मराठी कागदपत्रांत याला ‘अभिरूप मतदान’ असे भारदस्त नाव आहे. आमच्या बालाघाटात सारे ‘मॉक पोल’च म्हणतात. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी आम्ही प्रतिनिधी म्हणून पहाटे साडेपाचलाच केंद्रावर हजर होतो. बेरीज चिठ्ठ्यांशी जुळली. मग यंत्रातील नोंद पुसली गेली, चिठ्ठ्यांवर शिक्के मारून त्या काळ्या पाकिटात मोहोरबंद झाल्या. लटक्याचा लवलेशही खऱ्यात उरू नये, ही दक्षता आम्हांला त्या साऱ्या विधीत सर्वांत मोलाची वाटली.

संगणकाच्या जगातही हाच पेच आहे, हे पुण्यातील आमच्या पुतण्याकडून कळले. डेबियन या मुक्त प्रणालीत ‘ऑटोपीकेजीटेस्ट’ हे साधन पॅकेज बसवून त्याची चाचणी आपोआप घेते. तेथे समोर माणूस नसतो, पडदाही नसतो. ‘एक्सव्हीएफबी’चा पडदा केवळ स्मृतीत उमटतो आणि निरोपांची ‘डीबस’ ही वाट चाचणीपुरती उभारता येते. खऱ्या सत्रात मात्र कोणी नाव सांगून प्रवेश केलेला असतो, मध्येच पडद्याला कुलूप लागते, इतर कार्यक्रम लुडबुड करतात. मराठी टंकनाचे साधन अभिरूप सत्रात उत्तीर्ण व्हावे आणि घरी ‘क्ष’ उमटू नये, असे घडू शकते. तरीही लटक्या सत्राला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. ते स्वस्त असते, हवे तितक्या वेळा तसेच्या तसे उभे राहते. खऱ्यात काही बिघडले तर दोष कोणाचा, हेच आधी शोधावे लागते.

पण त्या ५० मतांचा हिशेब सर्वांना आधीच ठाऊक असतो. बैहर, लांजी, परसवाड्यात त्या दिवशी दुपारी तीनपर्यंतच मतदान होते; तेथे रांग लावणाऱ्यांचा हिशेब कोणाला ठाऊक होता? म्हणूनच एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील ५ केंद्रांच्या खऱ्या चिठ्ठ्या मोजावयास लावल्या. २६ एप्रिल २०२४ रोजी सर्व चिठ्ठ्यांची मोजणी त्याने नाकारली, परंतु पराभूत उमेदवारास ५ टक्के यंत्रांची तपासणी मागण्याची मुभा दिली. त्यासाठी आयोगाने आरंभी काय योजावे? १४०० मतांपर्यंतचे पुन्हा अभिरूप मतदानच! आक्षेप येताच फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने बजावले की, यंत्रातील मूळ नोंद पुसू नका.